वामेची भाकरी

बिहीने गाडीतून एकेक सामान काढलं. चार बादल्या, दोन हात लांबीचा प्लास्टिकचा पाइप, रबरी नळी लावलेला हातपंप, चाळण्या, बाटल्यांचं खोकं आणि लवंगेच्या तेलाची एक मोठी शिशी. यामना दारात बसून नुसत्या आवाजांवरून एकेक वस्तू ओळखत होती. शिशी गळतेय की काय म्हणून त्याने बूच उघडून पाहिलं, तशी तिने नाक वर केलं.

"लवंग? आता माशांच्या दाढा काढायला लागलास की काय?"

"दाढा नाही, लल्ला. गुंगी द्यायला. बादलीत चार थेंब टाकले की मासा निपचित पडतो. मग नळीने त्याचं पोट धुवायचं, खाल्लेलं चाळणीत पाडायचं आणि मासा परत पाण्यात सोडायचा."

"म्हणजे बिचाऱ्याला ओकायला लावायचं. आणि यासाठी सरकारने तुला गाडी दिलीय?"

"दिलीय."

"अल्ला सरकारचं भलं करो," यामना म्हणाली. "चल, आत चल. चहा गार होतोय."

थोरल्या बहिणीला इमी-उझ्रू या समुद्रकाठच्या गावात सगळेच लल्ला म्हणतात; पण बिहीच्या तोंडी त्या शब्दात अर्धी आई होती. तो सहा वर्षांचा असताना आई समुद्रात गेली आणि पंधरा वर्षांच्या यामनाने त्याला न्हाऊमाखू घातलं, मारूनमुटकून शाळेत धाडलं. पुढे तिचं लग्न झालं. नवरा मासेमारीच्या जहाजावर कानारी बेटांकडे गेला तो तिकडचाच झाला. तिने हूं की चूं केलं नाही. बिही शिकला, अगादीरला मासळीच्या संशोधनात लागला, त्याचे कल्ले पांढरे झाले, तरी ती त्याला अजून 'पोरा' म्हणे आणि त्यालाही ते हवंसं वाटे.

आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. अगादीरच्या डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, दोनदा तिने ती मोडली. दोन्ही वेळा कारण एकच, उधाण. उधाणात ओहोटी लांबवर जाते, शिंपल्यांचे खडक उघडे पडतात आणि इमी-उझ्रूच्या बायका पाठीला टोपल्या बांधून कडा उतरतात. तिसरी तारीख पुढच्या सोमवारची होती आणि हा सप्टेंबर, वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण. बिहीने मुद्दाम हाच आठवडा कामासाठी मागून घेतला होता. काम तर होतंच. पण खरं म्हणजे तो बहिणीला उचलून न्यायला आला होता.

मंगळवारी सकाळी सातलाच ते बायकांबरोबर खाली उतरायला लागले. वाट तीच होती, निवडुंगांच्या गोल झुडपांमधून वळणं घेत जाणारी, आणि पायाखाली जुन्या शिंपल्यांचा तोच चुरा. लहानपणी या वाटेवर तो आईच्या टोपलीत बसून यायचा, परतताना टोपली भरलेली असल्याने चालत. खडकावर शिंपले खरवडणाऱ्या लोखंडी अणकुचीचे आवाज सुरू झाले की त्याला झोप यायची. वर मोठ्या हंड्यात शिंपले उकडत, त्या वाफेचा वास गावभर पसरे, आणि उकडलेले शिंपले गच्च्यांवर जाळ्यांत वाळत घातलेले असत. तो येताजाता दोन पळवी. आई बघून न बघितल्यासारखं करी. ते दिवस आठवले की बिहीला अजूनही छातीत कळ येई, चांगल्यातली कळ.

"ए बिही," शेजारच्या कल्तूमाने मागून हाक मारली. ती यामनाच्याच वयाची, तोंडाने फटकळ. "माझ्या सासूच्या पोटात काय आहे ते पण बघशील का नळी घालून? तीस वर्षांत माझ्याबद्दल एक गोड शब्द बाहेर पडला नाही तिच्या."

"तिला गुंगी चढायला अख्खी शिशी लागेल," यामना म्हणाली, आणि सगळ्या जणी हसल्या.

खडकांत पाण्याची लहानमोठी शंभरेक कुंडं उरतात. बिहीने वीस वर्षं असल्या कुंडांत तोंड खुपसून काढली होती आणि तिथल्या शिकाऱ्यांच्या खोड्या त्याला घरच्या माणसांसारख्या ठाऊक होत्या. विंचूमासा दगड होऊन बसतो आणि कोळंबी नाकासमोर आली की फक्त तोंड उघडतो. पाणी आत जातं, कोळंबीही जाते. हेकरू माशाचं पोर स्वतः कष्ट करत नाही. अष्टपाद शिकारीला निघाला की हे त्याच्या मागे मागे, त्याच्या हातून निसटेल ते याचं. आणि वाम. सापासारख्या लांब वामेला धड दिसत नाही, ती वासावर जगते. तिच्या घशात दुसरा जबडा असतो. पुढच्या दातांनी धरलं की तो आतला जबडा पुढे सरकतो आणि घास आत ओढून नेतो. चावणं हा प्रकार तिच्याकडे नाहीच, ती नुसती गिळते.

शेवटच्या खडकाला टेकून एक कुंड होतं, खाटेएवढं, एका बाजूला कपार. ते मोठ्या उधाणातच उघडं पडे. तिथल्या वामेला बायका घरधनीण म्हणत आणि शिंपले काढून झाले की निघताना भाकरीचा एक घास तिला टाकत. पूर्वी सगळ्या जणी टाकत. आता एकटी यामना.

ती गुडघ्यांवर बसली. ओच्यातून जवाच्या भाकरीचा तुकडा काढून तिने हात पाण्यात बुडवला. कपारीतून पिवळ्या ठिपक्यांचं मनगटाएवढं जाड डोकं बाहेर आलं, तोंड मिटत-उघडत राहिलं, मग सावकाश पुढे होऊन त्याने तुकडा घेतला. बोटाला दात लागला नाही.

"सवय आहे तिला," बिही म्हणाला. "वास ओळखते. यात काही विशेष नाही, लल्ला."

"मी कुठे म्हटलं विशेष आहे?"

त्याच वेळी मागून लाट आली. मोठी नव्हती, पण यामनाला ती दिसलीच नाही. पाणी तिच्या कमरेला लागलं, ती कोलमडली, आणि बिहीने दंडाला धरून खेचलं म्हणून कपाळ खडकावर आपटता आपटता राहिलं. वर येताना त्याने तिचा दंड सोडला नाही.

संध्याकाळी चहा ओतताना त्याने विषय काढला.

"आज मी नसतो तर?"

"तर काय, आईच्या शेजारी."

"थट्टा नको. सोमवारी तू माझ्याबरोबर येणार आहेस. आईला लाटेने नेलं, ते अल्लाच्या मनात होतं. त्यासाठी तू डोळे घालवून बसायचं काही कारण नाही."

यामनाने पेला खाली ठेवला.

"लाटेने नेलं असं तुला सांगितलं. कसं नेलं ते नाही सांगितलं. ऐक आता. माणसं मोजू नयेत हे तुला ठाऊक आहे. मोजलं की एक कमी होतं. म्हणून वर चढायच्या आधी आपल्याकडे टोपल्या मोजतात. त्या दिवशी अकरा टोपल्या उतरल्या होत्या. कल्तूमाच्या सासूने मोजल्या, अकरा भरल्या. बिस्मिल्ला म्हणून आम्ही चढाला लागलो."

"मग?"

"मला माझी टोपली नव्हती रे. मी पोर, नुसती मदतीला गेलेली. आई म्हणाली, तू हो पुढे, मी घरधनिणीला घास टाकून आलेच. तिची टोपली मी पाठीला लावली. मला वाटलं, तिचं ओझं हलकं करतेय." तिने पेला जरा दूर सरकवला. "अर्ध्या कड्यावर आल्यावर कुणीतरी आईचं नाव घेऊन विचारलं, इज्जा कुठे आहे? खाली बघितलं तर कुंडावरून पाणी वाहत होतं."

छत्तीस वर्षं ही बाई हे एकटी पोटात घेऊन त्याच्यासाठी भाकऱ्या भाजत होती.

"ती सापडली नाही," यामना म्हणाली. "कबर नाही, की जिथे जाऊन दोन खजूर वाटावेत. आहे ते ते कुंड. माझा घास वाम खाते की पुढे कुणाला नेऊन देते, मला माहीत नाही. पण मी नाही टाकला तर उपाशी कोण राहील, हे मनातून जात नाही. तू शिकलेला आहेस, मला मूर्ख म्हण."

"मूर्ख नाही म्हणत. पण ती वाम खेकडे खाते, लल्ला. कपारीतले बोटभर मासे खाते. आईने घास टाकला ती वाम केव्हाच मेली, ही तिची नात-पणती असेल. तुझ्या भाकरीवाचून तिचं काही अडत नाही. मी दाखवू शकतो."

"दाखव." तिने टेबलावरची भाकरी त्याच्यापुढे सरकवली. "हिच्यावर हात ठेव. या उधाणाचे चार दिवस उरलेत. मी खाली उतरत नाही, घास टाकत नाही. तू रोज तिचं पोट बघ. खेकडे निघाले तर मी रविवारी तुझ्या गाडीत बसते. काहीच नाही निघालं, तर पुन्हा या घरात डोळ्यांचं नाव काढायचं नाही. आणि जे दिसेल ते खरं सांगायचं."

बिहीने भाकरीवर हात ठेवला. चार दिवसांत एखादा खेकडा न खाणारी वाम त्याने आयुष्यात पाहिली नव्हती.

बुधवारी त्याने पाइप कपारीला लावला, वाम आपसूक आत शिरली, दोन्ही तोंडांना झाकणं बसली. लवंगेच्या पाण्यात ती पाच मिनिटांत सैल पडली. पोट रिकामं होतं. त्याने वहीत तसं लिहिलं आणि फारशी काळजी केली नाही. वामा दोन-दोन दिवस खात नाहीत. शेजारच्या कुंडांतल्या विंचूमाशांच्या पोटात कोळंब्या होत्या, हेकरूच्या पोराच्या पोटात अष्टपादाने सोडलेला अर्धा खेकडा. जगात सगळं जागच्या जागी होतं.

गुरुवारी चाळणीत अक्रोडाएवढा करडा गोळा पडला. त्याने चिमट्याने तो उकलला. जवाचा कोंडा होता, भाजल्याचा काळा ठिपका होता.

तो तरातरा कडा चढून घरी आला. यामना अंगणात कल्तूमाबरोबर लोकर पिंजत बसली होती.

"तू कबूल केलं होतंस, लल्ला."

"काय केलं मी?"

"भाकरी निघाली तिच्या पोटातून."

"अरे जा," कल्तूमा म्हणाली. "काल दुपारपासून मी हिच्या उरावर बसून आहे. रात्री इथेच झोपले. हिला अंगणातली कोंबडी दिसत नाही, ही कडा उतरणार?"

"मग तुमच्यापैकी कुणी टाकली असेल."

"आमच्यापैकी?" कल्तूमा हसायची थांबली. "त्या कुंडाकडे हिच्याशिवाय कुणी फिरकत नाही, बाळा. पस्तीस वर्षं झाली."

यामनाचे पिंजणारे हात थांबले होते.

खोडी काढणारं कुणीतरी असणार, बिहीने ठरवलं. त्या संध्याकाळच्या ओहोटीला तो कुंड उघडं पडायच्या आधीच खडकावर जाऊन बसला आणि त्यावरून पाणी जाईपर्यंत हलला नाही. कुणी आलं नाही. शुक्रवारी पहाटेही तो सगळ्यांच्या आधी उतरला. खडक ओले, कोरे होते. पाऊल नाही, खेकड्यांच्या नख्यांशिवाय काही नाही. पाणी हळूहळू खाली गेलं. कुंडाची कड दिसू लागली. मागच्या खडकांवर बायकांच्या अणकुच्या वाजायला लागल्या आणि लहानपणासारखी त्याच्या डोळ्यांवर झापड आली. त्याने स्वतःला चिमटा काढला. साडेनऊला पाइप लावला.

पुन्हा गोळा. या वेळी मोठा.

बोटांना काहीतरी वेगळं जाणवलं म्हणून त्याने पेटीतून तापमापी काढली. कुंडाचं पाणी अठरा अंश होतं. वामेचं अंगही तितकंच, माशाचं रक्त पाण्याबरोबर असतं. गोळ्यात खुपसलेला पारा चौतीसवर जाऊन थांबला. त्याने तापमापी झटकून पुन्हा लावली. चौतीस.

मग त्याने भिंग घेतलं. भाकरी गिळलेली नव्हती, चावलेली होती. कोंड्याच्या कडा चिरडलेल्या होत्या, आणि एका बाजूला, जिथे गोळा कमी मऊ झाला होता तिथे, दाढांचे ठसे होते, रुंद आणि बोथट. असे दात असलेला एकही मासा त्या किनाऱ्यावर नाही, हे सांगायला बिहीला पुस्तक उघडायची गरज नव्हती.

त्याला ताप आला होता तेव्हाची गोष्ट आठवली. चारेक वर्षांचा असेल. घसा सुजलेला, गिळवत नव्हतं. आई उशाशी बसून भाकरीचा घास स्वतः चावायची, मऊ करायची, दोन बोटांनी काढून त्याच्या तोंडात ठेवायची. तिच्या बोटांना शिंपल्यांचा वास. "गिळ, माझ्या राजा. चावायचं काम मी केलंय." हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच त्यात, सगळ्याच आया तसं करतात. पण इतक्या वर्षांत आठवलंही नव्हतं, आणि आता त्या घोंगडीचा खरखरीतपणासुद्धा आठवत होता.

वहीत त्याने लिहिलं: 'शुक्रवार. वाम. जवाची भाकरी.' तापमान लिहिलं नाही.

शनिवार शेवटचा दिवस होता. त्याने बादल्या वरच ठेवल्या. पाइप नेला नाही, शिशी नेली नाही. बायका त्या दिवशी दुसऱ्या टोकाला होत्या, त्यांची गाणी वाऱ्यावर तुटक तुटक ऐकू येत होती.

तो कुंडात उतरला. पाणी मांड्यांपर्यंत आलं.

कपारीतून डोकं बाहेर आलं. मग मान. मग सगळी वाम बाहेर आली. दिवसाउजेडी वाम कपार सोडत नाही.

ती त्याच्या पायांभोवती एक वेढा घालून समोर थांबली. तोंड मिटत होतं, उघडत होतं.

बिहीने हात पाण्यात धरला. तो का धरला, हे त्याला सांगता आलं नसतं.

तिचा जबडा उघडला. घशातला दुसरा जबडा पुढे आला. तो ओढण्यासाठी असतो, त्याने शंभर वेळा तो बघितला होता. या वेळी त्याने ढकललं.

घास त्याच्या तळव्यावर आला. त्याने हात बाहेर काढला.

पाण्यातून आलेला तो घास कोरडा होता.

त्याला भीती वाटायला हवी होती. भीती वाटलीच नाही. इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आणि डोळ्यांतून पाणी का वाहतंय हेही त्याने स्वतःला विचारलं नाही.

आपण तोंड उघडलंय, हे त्याला जरा उशिराच कळलं.

घरी आला तेव्हा यामना उंबऱ्यात उभी होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं नव्हतं, पण हात धुतलेले होते, निकाल ऐकायला बसावं तसे एकमेकांत गुंतवलेले.

"बोल."

"खेकडे," बिही म्हणाला.

"किती?"

"तीन. आणि एक छोटा मासा. अख्खा गिळलेला."

"आणि परवाची ती भाकरी?"

"कुणीतरी खोडी काढली असेल. आज नव्हती."

यामना तिथेच खाली बसली. आधी तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. मग ओठ वाकडे झाले, आणि ती लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली.

"म्हणजे तिथे कुणीच नव्हतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी एका माशाला भाकरी चारत होते."

"हो, लल्ला."

"आई कुठे उपाशी नाही."

"नाही," बिही म्हणाला. एवढं मात्र त्याने मनापासून सांगितलं.

सोमवारी तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा तिने आधी खिडकी पाहिली, मग नर्सच्या अंगावरचा पांढरा कोट, मग बिहीला.

"अरे देवा! तू म्हातारा केव्हा झालास?" ती इतक्या मोठ्यांदा म्हणाली की शेजारच्या खाटांवरचे लोक हसले.

परत आली ती वेगळीच बाई होऊन. कोपऱ्यांतली जळमटं काढली, कल्तूमाच्या मिशा दिसतात असं तिला तोंडावर सांगितलं, टेकडीवर चढून बाजाराला गेली. खाली समुद्रावर ती जात नसे. जवाचं पीठही तिने मळायचं सोडलं, बेकरीतले गव्हाचे पाव आणू लागली. कधी कधी चहा पिता पिता गप्प होई, पण ते सुटकेचं गप्प होणं होतं. बिही तिच्याकडे पाही आणि आपण खोटं बोललो ते बरंच झालं असं स्वतःला सांगे.

तो स्वतः मात्र दर उधाणाला येऊ लागला. काम वाढलंय, म्हणायचा. अमावास्येला यायचा, पौर्णिमेला यायचा, सकाळी एकटाच कडा उतरायचा. बादल्या नेत नाही हे बायकांच्या लक्षात आलं, पण शिकलेल्या माणसाला कोण विचारणार?

नोव्हेंबरच्या उधाणाला तिसऱ्या दिवशी तो दहाच्या सुमाराला वर आला. यामनाने पाव, जैतून, मध, अर्गनचं तेल असं सगळं मांडून ठेवलं होतं.

"बस. खा."

"भूक नाही, लल्ला."

"कालही नव्हती. परवाही नव्हती. रोज सकाळी तू उपाशी जातोस आणि जेवून आल्यासारखा येतोस. खाली कुणाच्या घरी पंगत असते तुझी?"

तो हसला. ती त्याच्याकडे बघत राहिली, त्या नव्या स्वच्छ डोळ्याने, अगदी जवळून. मग तिने हात पुढे केला आणि अंगठ्याने त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून काहीतरी टिपलं. भाकरीचा कण होता, करडा. अन्न खाली पाडायचं नाही म्हणून तिने सवयीने तो आपल्या जिभेवर ठेवला.

तिचं तोंड हलायचं थांबलं.

"अळणी आहे," ती म्हणाली.

बाहेर कल्तूमाची कोंबडी ओरडत होती. इमी-उझ्रूत अळणी भाकरी एकाच कारणासाठी भाजतात. ज्यांचं नाव घ्यायचं नसतं त्यांच्यासाठी ती उंबऱ्याबाहेर ठेवतात, कारण त्यांना मीठ चालत नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

यामनाने कण ओच्यात थुंकला. ती उठली, चुलीमागच्या बरणीतून चिमूटभर जाडं मीठ घेऊन आली आणि लहानपणी तो कशाला घाबरला की करायची तसं त्याच्या हनुवटीला धरून म्हणाली, "आ कर."

त्याने तोंड उघडलं. तिने मीठ त्याच्या जिभेवर ठेवलं आणि त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली.

"लागतंय का रे खारट?"

बिहीने जीभ फिरवली. एकदा, मग पुन्हा. तोंडात नुसते खडे होते, समुद्रकाठच्या वाळूचे असावेत तसे.

"लागतंय, लल्ला," तो म्हणाला.